मदत हवी आहे: कार्बनी अशनीत सर्पेंटाइनचं (पाणी धरणाऱ्या खनिजाचं) पीक (एक्स-रे आलेखातला उंचवटा) गायब. दगड अंतराळात तापलाय का?

ऐरोली_खनिज: पावतीवर सीएम2 (पाण्याने बदललेल्या कार्बनी अशनींचा एक वर्ग) लिहिलेला 3.1 ग्रॅमचा तुकडा आहे. त्यातल्या थोड्या पुडीचं एक्सआरडी (एक्स-रे टाकून खनिजं ओळखायची चाचणी) इथल्या एका लॅबमधून करून घेतलं, कॉपर ट्यूबवर. 12.2 अंशांच्या कोनाला सर्पेंटाइनचं पीक हवं, तिथे नुसता फुगवटा. 16.4 ला टोचिलिनाइट (लोह-गंधकाचं, पाणी धरणारं खनिज) नाही. 11.6 ला मात्र एक बारीक टोकदार पीक, आणि 32.3 ला ऑलिव्हिन (पाणी नसलेलं खनिज) दणदणीत. बॅकग्राउंड खूप वर उचललेलं. पूड प्लॅनेटरी बॉल मिलमध्ये 20 मिनिटं कोरडी दळलेली, 50 अंशांवर वाळवलेली. दगड 500 अंश सेल्सियसच्या वर तापलाय असं धरू का?

निळी_शाई: ऑलिव्हिन एवढं उठून दिसतंय म्हणजे 750 च्या वरच.

चुनखडी: @निळी_शाई, घाई होतेय. न तापलेल्या मर्चिसनमध्येही (प्रसिद्ध सीएम2 अशनी) कॉन्ड्रूलमधलं (अशनीतल्या गोल कणांमधलं) फोर्स्टेराइट, म्हणजे मॅग्नेशियमचं ऑलिव्हिन, असंच टोकदार दिसतं. तापून सर्पेंटाइन मोडून नव्याने बनलेलं ऑलिव्हिन बारीक कणांचं असतं, म्हणून त्याचं पीक पसरट येतं. आणि त्यात लोह जास्त, म्हणून ते कमी अंशांकडे सरकलेलं.

@ऐरोली_खनिज, खरा संशय तुमच्या मिलवर आहे. कोरड्या दळणात सर्पेंटाइनचे थर मोडतात, ऑलिव्हिन टिकून राहतं, आणि पॅटर्न हुबेहूब तापलेल्या दगडासारखा येतो. 50 मिग्रॅ नवा तुकडा घ्या, अगेटच्या खलात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हलक्या हाताने 10 मिनिटं घोटा. होल्डर झीरो-बॅकग्राउंड सिलिकॉनचा. बॅकग्राउंड वर जातंय ते लोहाच्या फ्लुओरेसन्समुळे (कॉपर ट्यूबच्या किरणांनी लोह स्वतःच एक्स-रे सोडतं). कोबाल्ट ट्यूब मिळाली तर उत्तम. मग सर्पेंटाइन आणि टोचिलिनाइटची पीकं 14.2 आणि 19.1 ला शोधा.

11.6 चं पीक बहुधा जिप्समचं. 20.7 ला त्याचा जोडीदार दिसतो का बघा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत सल्फाइडं गंजतात आणि कॅल्साइटचं कॅल्शियम घेऊन जिप्सम बनतं. डबीत सिलिका जेल टाका.

खाडीकिनारी: टोचिलिनाइट साधारण 250 अंशांना मोडतं, पण ते नसणं हा एकटा पुरावा पुरेसा नाही. पाण्याने फार बदललेल्या, सीएम1 कडे झुकणाऱ्या दगडांत ते मुळातच कमी असतं. टीजीए (तापवत वजनाची घट मोजायची चाचणी) करा: 20 मिग्रॅ, नायट्रोजन, मिनिटाला 10 अंश. 200 च्या खालची घट हवेतल्या ओलाव्याची (आणि तुमच्या जिप्समची). 200 ते 400 टोचिलिनाइट व हायड्रॉक्साइडं, 400 ते 770 सर्पेंटाइनमधलं पाणी, त्यापुढे कॅल्साइट. 400 ते 770 मध्ये भरघोस घट आली तर दगड 500 पर्यंत तापलेला नाही.

तापलाच असेल तर किती वेळ, हे पातळ काप सांगतो. मॅट्रिक्स (कणांमधला बारीक भाग) सुकलेलं, पण ऑलिव्हिनच्या कणात मॅग्नेशियमचा गाभा आणि लोहाची कड यांची सीमा अजून रेखीव असेल तर उष्णता थोडा वेळच लागली: आघाताची, किंवा सूर्याजवळून जाताना मिळालेली. अ‍ॅल्युमिनियम-26 ची (लघुग्रहाला आतून तापवणाऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्याची) उष्णता लाखो वर्षं चालते. त्यात तापमान पुरेसं चढलं असतं तर ती सीमा पुसली गेली असती.

काप करणाऱ्याला बजावून सांगा: हॉट माउंटिंग (तापलेल्या प्रेसमध्ये राळेत बसवणं) नको. प्रेसमध्ये 150-180 अंश लागतात, आणि इथे प्रश्नच 250 अंशांचा आहे. थंड इपॉक्सी वापरा, पॉलिश तेलावर. पाण्यात जिप्सम विरघळतं.

ऐरोली_खनिज: 20.7 ला पीक आहे. मिलची पूड 400 मिग्रॅ उरलीय, टीजीएला तीच चालेल?

खाडीकिनारी: नको. दळलेल्या सर्पेंटाइनचं पाणी आधीच, कमी तापमानाला सुटतं आणि टप्पे एकमेकांत मिसळतात. खलातल्या पुडीतूनच 20 काढा.