आईच्या कॅल्शियमच्या गोळीत व्हिटॅमिन के२ आहे, अजून वेगळं द्यायचं का? लवकर सांगा

खडीसाखर
आई ६४ वर्षांची. गेल्या महिन्यात मोरीत घसरली, डावं मनगट मोडलं. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) केली, मणक्याचा टी-स्कोअर उणे २.९ आला, म्हणजे हाडं ठिसूळ. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम, डी३ आणि के२-७ एकत्र असलेली गोळी रोज एक दिली आहे. मावसबहीण म्हणते के२ वेगळं, जास्त ताकदीचं घे, हाडांना आणि हृदयाला दोन्हीला चांगलं. आईला हृदयाचा त्रास आहेच, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. कुठल्या कंपनीचं घेऊ? रिकाम्या पोटी की जेवणानंतर? उद्या सकाळी दुकानात जायचंय, आजच सांगा.

माळरान
के म्हणजे पोटॅशियम. गोळी कशाला, रोज एक केळं आणि शहाळं द्या. फक्त किडनीचा रिपोर्ट आधी बघा.

सातारचा_केमिस्ट
माळरान, पोटॅशियमची खूण के असली तरी हे ते नव्हे. हे जीवनसत्त्व के. तेलातुपात विरघळतं, म्हणून जेवणानंतर घेतात. पण खडीसाखर ताई, हृदयाचा त्रास म्हणजे नेमका कुठला? बाकीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?

खडीसाखर
नेहमीच्याच. बीपीची, रक्त पातळ करायची. दादा, माझा प्रश्न के२ चा आहे.

जपानवारी
मी सहा वर्षं जपानमध्ये होतो. तिथे सकाळच्या जेवणात नात्तो असतो, आंबवलेलं सोयाबीन, त्यात एमके-७, म्हणजे तुमचं के२-७, भरपूर. हाडं ठिसूळ झाली तर तिथले डॉक्टर एमके-४ (के२ चाच दुसरा प्रकार) रोज ४५ मिलिग्रॅम लिहून देतात. कॅल्शियम रक्तवाहिन्यांत न साचता हाडात जावं म्हणून के२ लागतंच. बिनधास्त घ्या.

निवांत_६७
माझ्या वडिलांनाही रक्त पातळ करायची गोळी आहे, क्लोपिडोग्रेल. दोन वर्षं के२ घेतात, काही झालं नाही. घाबरू नका.

सातारचा_केमिस्ट
निवांत, तुमच्या वडिलांची गोळी प्लेटलेटवर काम करते, तिचा व्हिटॅमिन के शी संबंध नाही. अ‍ॅपिक्साबान, रिव्हारोक्साबानचाही व्हिटॅमिन के शी संबंध नाही. पण वॉर्फरिन आणि असिट्रॉम व्हिटॅमिन के ची वाट अडवूनच रक्त पातळ ठेवतात. एकाने गाठ सोडवायची आणि दुसऱ्याने बांधायची, असं होतं. सगळ्यांना आपण ‘रक्त पातळ करायची’ एवढंच म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. ताई, पाकिटावरचं नाव वाचून सांगा.

खडीसाखर
असिट्रॉम २. आईची मायट्रल झडप २०११ साली बदलली आहे, धातूची. लहानपणी तिला संधिवाताचा ताप आला होता, त्यात झडप गेली. हे आधीच लिहायला हवं होतं. इतकी वर्षं ती गोळी रोज संध्याकाळी डबीतून निघते की घरात कोणाला ते औषध वाटतच नाही. रात्री पंखा बंद केला की आईच्या उशाशी झडपेची टिकटिक ऐकू येते, तीही आता आमच्या कानाला सवयीची. के२ ची गोळी सुरू करून १२ दिवस झालेत. काय करू?

सातारचा_केमिस्ट
शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी, आकडा कमी म्हणजे रक्त घट्ट) कधी केला?

खडीसाखर
मनगट मोडलं त्याच्या आधी. २.८ होता.

सातारचा_केमिस्ट
म्हणजे के२ सुरू झाल्यावर एकदाही नाही. उद्या दुकानात नको, सकाळी आधी लॅबमध्ये जा आणि झडपेच्या डॉक्टरांना फोन करा. असिट्रॉमचा डोस स्वतः वाढवू नका, कमीही करू नका. रक्त घट्ट झालं तर धातूच्या झडपेवर गाठ धरू शकते, म्हणून बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली किंवा धाप लागली तर फोनचीही वाट बघू नका, थेट दवाखाना.

अळूवडी
माझ्या सासूबाईंना असिट्रॉम सुरू झाल्यापासून मी पालेभाजी घरातच आणत नाही. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीरसुद्धा बंद.

पारिजात
अळूवडी, हे करू नका. पालेभाजी बंद करायची नसते, आठवड्यागणिक साधारण तेवढीच ठेवायची असते. डोस त्या जेवणावरच बसवलेला असतो. एक महिना भाजी नाही आणि मग लग्नघरी तीन दिवस मेथी, यानेच आयएनआर वरखाली होतो.

अळूवडी
आमच्या डॉक्टरांनी बंदच सांगितली होती. आठ वर्षं झाली, सासूबाई ठणठणीत आहेत.

जपानवारी
पण रक्त गोठवतं ते के१, पालेभाजीतलं. के२ हाडांचं. दोन्ही वेगळे.

पारिजात
नाही हो. यकृतात रक्त गोठवणारी प्रथिनं तयार व्हायला दोन्ही चालतात. उलट एमके-७ रक्तात कित्येक दिवस टिकतं, त्यामुळे रोज थोडं घेतलं तरी साचतं. आणि हृदयाचं म्हणाल तर डेन्मार्कमध्ये वयस्क पुरुषांना दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम एमके-७ आणि सोबत डी देऊन पाहिलं. महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम साचणं त्याने मंदावलं नाही. निकाल २०२२ साली आला.

माळरान
अवांतर : १९२० च्या सुमारास अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची. त्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत सापडलं, त्यावरून पुढे वॉर्फरिन आलं. आधी उंदराचं औषध म्हणून विकलं गेलं.

खडीसाखर
आयएनआर १.७ आला. आईला २.५ ते ३.५ मध्ये राहायला सांगितलंय. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा पायातलं बळ गेलं. झडपेच्या डॉक्टरांशी बोलले. के२ असलेली गोळी बंद, त्याजागी फक्त कॅल्शियम आणि डी३. असिट्रॉमचा पुढच्या चार दिवसांचा डोस त्यांनी लिहून दिला, पाचव्या दिवशी पुन्हा रक्त. के२ थांबल्यावर आयएनआर एकदम चढूही शकतो म्हणून तपासणी चुकवू नका म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांनी बाकीच्या गोळ्या विचारल्या नव्हत्या आणि आम्हीही सांगितल्या नव्हत्या. आता आईच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने लिहिलंय : धातूची झडप, असिट्रॉम चालू.
केमिस्टदादा, तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून कळलं. हाडांसाठी आता वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रॉनिक इंजेक्शन सुचवलंय. ते कोणी घेतलं असेल तर लिहा. या वेळी सगळ्या गोळ्यांची नावं आधी देते.