पंप त्यांचा, दुरुस्ती त्यांची, फोटो आपला

आडवाटेचा:
परवा एका सद्गृहस्थांची पोस्ट तीन ग्रुपांवरून येऊन आदळली. मलावीतल्या एका खेड्यात कंपनीच्या पैशातून हातपंप बसवला, वर्षाच्या आत बंद पडला. निष्कर्ष काय, तर "या लोकांना फुकटाची किंमत नसते. लोकवर्गणी घ्या, पाणी समिती नेमा, मालकीची भावना आली की पंप चालतो."

मी मलावीच्या कासुंगू भागात बोअरच्या कामावर राहिलोय, म्हणून न राहवून लिहितोय. समिती नसते असं सांगितलं कुणी? तिथे पंपाआधी समिती येते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, निम्म्या बाया, सगळं रीतसर. पण जानेवारीत पंप बिघडला तर घरातला मका संपलेला, नवा अजून शेतात, तंबाखूचे पैसे यायला अवकाश. हातात क्वाचा, म्हणजे तिथला पैसा, नाही. वर्गणी काय मुखियाच्या आंब्याला लागते? राजधानी लिलाँग्वेतल्या बंगलेवाल्याचा नळ बंद झाला तर तो पान्हा घेऊन रस्ता खणत नाही, पाणी बोर्डाला फोन करतो. खेड्यातल्या बाईने मात्र मेकॅनिक, कारकून आणि वसुली अधिकारी एकाच वेळी व्हायचं. लोकसहभाग म्हणजे सरकारने आणि देणगीदाराने हात झटकायची सभ्य सोय आहे, बाकी काही नाही.

नट-बोल्ट:
भाषण छान. आता यंत्राबद्दल बोलू. मलावीत जो आफ्रिदेव हातपंप दिसतो त्याची सुरुवात 80च्या दशकात मलावीतच झाली आणि केनियाच्या क्वाले किनाऱ्यावर तो तावूनसुलाखून निघाला. तो बनवलाच मुळी गावातल्या माणसाला दुरुस्त करता यावा म्हणून. एक पान्हा पुरतो, सळया आकड्याने एकमेकींत अडकतात, मुख्य पाइप न उपसता दट्ट्या वर येतो. क्वालेत बायांनी हे पंप सांभाळून दाखवलेत. तुम्ही त्यांना बिचाऱ्या ठरवताय, तोही एक तोराच.

आडवाटेचा:
सील बदलणं बायांना जमतंच, मी पाहिलंय. पाइपला तडा गेला, सळई तुटून खाली पडली, बोअर गाळाने भरला, तेव्हा काय? तेव्हा तुमचा एक पान्हा कामाचा नाही. सहाराच्या दक्षिणेला साधारण तीनातला एक हातपंप बंद असतो, हा आकडा कित्येक वर्षं फिरतोय. एवढ्या सगळ्या गावांत 'भावना' कमी पडली म्हणायची?

सोलापुरी चादर:
पंपांचा विषय निघालाच आहे तर कुणी हे का सांगत नाही की युगांडापासून बुर्किना फासोपर्यंत जो इंडिया मार्क टू हातपंप चालतो, त्याचा बाप आपला सोलापूर पंप? सगळं जग सोलापूरचं पाणी पितंय, आणि आमच्याकडे नळाला कधी पाणी येईल याचा पत्ता नाही.

मोसंबीवाला:
बाप सोलापूर, मग आजोबा कोण? 60च्या दशकात जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने पंप केला, त्यावरून सोलापूरने सुधारून घेतला. मराठवाड्याचं श्रेय लाटायची सवय जुनीच.

सोलापुरी चादर:
जालन्याचा पंप इतका भारी होता तर युनिसेफने सोलापूरचा का उचलला?

अण्णानगरचा मराठी:
दोघेही थांबा. मार्क टूचा आराखडा 70च्या दशकात मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीत पक्का झाला आणि चाचण्या कोइमतूरकडे झाल्या. तमिळ लोकांनाही थोडं उरू द्या.

मोसंबीवाला:
झालं, हे आले मद्रासचं घेऊन! मूळ कल्पना कुणाची ते बोला.

माजघर:
कल्पनेची आरती झाली असेल तर ऐका. मी उत्तर युगांडात दवाखान्यात काम करते. तुमचा हा लाडका मार्क टू इथे लोखंडी पाइपांवर लटकलाय. जमिनीतलं पाणी आम्लधर्मी, पाइप गंजतात, पाणी लालसर येतं. चहा काळा पडतो, कपड्यांना डाग. बाया पंपाला वळसा घालून ओढ्यावर जातात आणि मग पोरं जुलाबाने माझ्याकडे येतात. पंप व्यवस्थित चालू, समितीची वही स्वच्छ, आणि पाणी कुणी पीत नाही. पाइप स्वस्तातला निवडला तो गावाने नाही.

सोलापुरी चादर:
पाइप सोलापूरचा नव्हता एवढंच नोंदवतो.

दुष्काळी:
माझे वडील जिल्हा परिषदेत हातपंप मेकॅनिक, 72च्या दुष्काळानंतर लागलेले. जीप, तिपाई, चार माणसं, पाइप उपसून हातांची सालटी निघायची. आमच्याकडे कुठल्या गावाला 'तुमची मालकीची भावना कितपत आहे' असं विचारायला कुणी आलं नव्हतं. आपल्याला सरकारी जीप आणि मलावीला मालकीची भावना? हा कुठला न्याय?

नट-बोल्ट:
आणि ती जीप यायची कधी?

दुष्काळी:
कधी महिना, कधी दोन. खोटं कशाला बोलू. पण यायची.

नट-बोल्ट:
दोन महिने गाव काय पीत होतं ते वडिलांना विचारलंत का?

दुष्काळी:
वडिलांवर जाऊ नका. त्यांनी पगार घेऊन काम केलं, ग्रुपवर प्रवचन नाही.

आडवाटेचा:
जीप उशिरा येते यावर उपाय जीप काढून घेणं नाही. केनियात किटुईच्या क्युसो भागात पंपाच्या दांड्यातच मोबाइलवर खबर देणारं यंत्र बसवलं आणि दुरुस्तीला पगारी माणसं नेमली. आधी पंप सुरू व्हायला सरासरी 27 दिवस लागायचे, नंतर तीन दिवसांच्या आत. गाव थोडे पैसे भरतं, पान्हा दुसरा कुणी धरतो.

नट-बोल्ट:
आणि बाहेरचा पैसा घातल्याशिवाय ते चालत नाही, हे गाळलंत.

आडवाटेचा:
शहराचं पाणी अनुदानाशिवाय चालतं का? तिथे मात्र त्याला 'योजना' म्हणायचं!

नट-बोल्ट:
बरं. पैसाच नसतो, हे मात्र मला मान्य नाही. 1991 साली नायजरच्या मराडी भागात केअर या मदतसंस्थेने बायांचे बचतगट सुरू केले. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, वर्षाअखेर वाटप. तीच पद्धत आज मलावीत 'बँक म्खोंडे' म्हणून गावोगाव आहे. पंपाचे पैसे कापणीनंतर घ्या, त्या गटात व्याजाने फिरवा. जानेवारीत हात पसरायची वेळ येणार नाही.

माजघर:
आमच्याकडे काही समित्या हे करतात. खजिनदाराच्या घरात डब्यात पैसे राहिले की तिच्या मागे गावभर कुजबुज, म्हणून फिरवलेलेच बरे. फक्त व्याजाने दिलेला पैसा पंप बंद पडतो त्याच दिवशी परत मागायचा असतो. तो कुणी द्यायचा?

नट-बोल्ट:
सगळंच नको असेल तर ओढा आहेच.

माजघर:
तुम्ही या, पाजते.

आडवाटेचा:
कापणीनंतर वर्गणी, ठीक, एवढं घेतो. सील-बिल गावाने बघावं. पाइप, बोअर, सळया जिल्ह्याच्या माथी, लेखी, बजेटसकट. आणि जो देणगीदार फोटो काढून जातो त्याने निदान पाच वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे आधी मोजावेत.

नट-बोल्ट:
पाच जास्त होतात. तीन.

मोसंबीवाला:
ते तीन-पाच नंतर करा. सोलापूरवाल्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.