मदत हवी आहे: मेम्ब्रेन प्रोटीनमध्ये पीएचडी, जर्मनी की कॅनडा?

नमस्कार मंडळी. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, दीड वर्ष पुण्यात प्रोजेक्टवर आहे. काम पेशीच्या पडद्यातल्या प्रथिनांचं, आणि ती भलती नाजूक. पडद्यातून सोडवायला डीडीएमसारखं डिटर्जंट लागतं. ते जरा कमी पडलं की आठवड्याची मेहनत ट्यूबच्या तळाशी पांढरा गाळ होऊन बसते. परवाच बसली. (आई म्हणते, साबणाच्या पाण्यात काय शोधतोस?)

पुढे सीएफटीआर नावाच्या अशाच एका प्रथिनावर काम करायचंय. १४८० अमिनो आम्लांतलं ५०८व्या जागचं एक गळलं की प्रथिनाची घडी बिघडते आणि सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होऊ शकतो. जर्मनीतलं झारलँड आणि कॅनडातलं अल्बर्टा या विद्यापीठांनी मिळून याच क्षेत्रात पीएचडीचं प्रशिक्षण चालवलं होतं. तसं दोन देशांत विभागलेलं काम कुणी केलंय का? भागीदार लॅबमध्ये किती महिने राहावं लागतं, दुसरा व्हिसा कोण बघतं? जर्मनीत पूर्ण पगाराच्या ६५ टक्केच मिळणाऱ्या पीएचडीच्या करारात एकट्याचं भागतं का? आणि आधी थेट प्राध्यापकांना मेल टाकावी की जाहिरातीची वाट बघावी? २० मेल टाकल्या, उत्तर एकच आलं, तेही ‘जागा नाही’.