कादंबरीचा पहिला खर्डा फाउंटन पेनाने लिहिण्याची सवय

प्रश्न

गेली दोन वर्षे मी माझी पहिली कादंबरी लिहीत आहे. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी करण्यासाठी एकत्र आलेल्या तीन भावंडांची ही गोष्ट असून तिची 160 पाने वहीत लिहून झाली आहेत. एका पानावर साधारण 200 शब्द बसतात. कादंबरी 80,000 शब्दांच्या आसपास जाईल असे धरले, तर अजून निम्म्याहून अधिक वाट बाकी आहे.

मी रोज पहाटे दीड तास लिहायला बसतो आणि केवळ फाउंटन पेनानेच लिहितो. बॉलपेनाने दोन पाने झाली की अंगठा दुखू लागतो. फाउंटन पेनाने मात्र पाच-सहा पाने सहज होतात, आणि निब कागदावरून सरकताना जो बारीक आवाज येतो त्याने मन लगेच गोष्टीत शिरते. हे प्रेम खरे आहे, पण त्याचीच आता अडचण होऊ लागली आहे. माझ्याकडे सहा पेने आहेत. आज कोणते घ्यावे, त्यात कोणती शाई भरावी, यातच सुरुवातीची वीस मिनिटे जातात. एखाद्या दिवशी शाई अडली, तर पेन उघडून धुण्यात अख्खी बैठक संपते. मागच्या महिन्याच्या नोंदी पाहिल्या तेव्हा लक्षात आले, की मी 19 दिवस लिहायला बसलो, पण त्यांतील आठ दिवस एक पानही पूर्ण झाले नाही.

पहिला खर्डा हाताने लिहिण्याचा हट्ट सोडून थेट संगणकावर यावे, की सवयीत काही बदल करून पेन टिकवता येईल? ज्यांनी दीर्घ लेखन हाताने पूर्ण केले आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

पेन सोडू नका. आपला अंगठा दुखत नाही याला ठोस कारण आहे. बॉलपेनात घट्ट शाई असते आणि ती उतरवण्यासाठी टोकाची गोळी कागदावर दाबून फिरवावी लागते. फाउंटन पेनात पातळ शाई निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने आपोआप खाली येते, आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा निबेखालच्या फीडच्या, म्हणजे निबेला शाई पोचवणाऱ्या पट्टीच्या, खाचांमधून आत शिरते. निब कागदाला नुसती टेकली तरी अक्षर उमटते. मोठ्या लेखनासाठी हा फार मोलाचा गुण आहे, त्यामुळे थोड्या देखभालीच्या कंटाळ्यापायी तो गमावू नये.

शाई अडण्याची कारणे बहुधा दोनच असतात. एक तर टोपण घट्ट बसत नसल्याने चिरेतील शाई वाळते, किंवा एका शाईवर दुसरी शाई भरल्याने आत गाळ धरतो. सहा पेने आळीपाळीने वापरल्यामुळे प्रत्येक पेन पाच-सहा दिवस पडून राहते, आणि मला वाटते आपल्या त्रासाचे मूळ तिथेच आहे. रोज चालणारे पेन क्वचितच अडते. तेव्हा कादंबरीसाठी एक पेन आणि एकच शाई ठरवून टाका. महिना-दीड महिन्याने ते साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नका, कारण त्याने पेनाचे प्लॅस्टिक आणि एबोनाइट (कडक रबर) खराब होऊ शकते.

शाईविषयी एक काळजी अवश्य घ्या. साध्या धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईवर पाणी सांडले, तर दोन वर्षांची मेहनत डाग होऊन उरेल. पक्की शाई हवी असल्यास लोह आणि टॅनिन यांपासून बनणारी शाई उत्तम. ती लिहिताना फिकट दिसते आणि हवेशी संयोग होऊन तासा-दोन तासांत गडद होते. मात्र ती आम्लयुक्त असल्याने पेन वेळेवर धुतलेच पाहिजे. लाखयुक्त चित्रकलेची काळी शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये, कारण ती वाळली की फीड कायमचे बुजते. आणखी एक गोष्ट म्हणजे, आपले पेन ड्रॉपरने शाई भरण्याचे असेल, तर शाई पाव भागापर्यंत उतरली की लगेच भरत जा. आत हवा जास्त झाली की हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि नेमका चांगला परिच्छेद चालू असताना पानावर मोठा थेंब पडतो.

प्रतिसाद २

पेनाबद्दल वरील प्रतिसादात सर्व काही आले आहे, म्हणून मी फक्त बैठकीबद्दल लिहिते. माझ्या दोन कादंबऱ्या पूर्ण झाल्या आहेत आणि दोन्हींचा पहिला खर्डा हाताने लिहिलेला आहे.

लिहिण्याची वेळ आणि पेनाची वेळ वेगळी करा. शाई भरणे, निब पुसणे, नवी शाई कागदावर लावून पाहणे ही सगळी कामे मी आदल्या रात्री करते. पहाटे वही उघडते तेव्हा पेन भरलेलेच असते आणि निवडायचे काही शिल्लक नसते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्याची नोकरी सांभाळून पहाटे लिहीत असत, आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द झालेच पाहिजेत असा त्यांचा दंडक होता. एवढा वेग प्रत्येकाला झेपणार नाही. तरी मोजायचे काय, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. आपण बसलेले दिवस मोजत आहात, त्याऐवजी पाने मोजा आणि रोजची दोन पाने हा किमान आकडा धरा.

दुसरी सवय मला फार उपयोगी पडली. प्रसंग पूर्ण करून कधीही उठू नये. पुढचे वाक्य स्पष्ट सुचलेले असताना, ते अर्धे लिहून वही मिटावी. दुसऱ्या दिवशी ते अर्धे वाक्य पूर्ण करण्यासाठी हात आपोआप पेनाकडे जातो.

आणि कृपया टंकलेखन शेवटासाठी साठवून ठेवू नका. पहिल्या कादंबरीच्या वेळी मी पाच वह्या भरल्यावर टंकायला बसले, तेव्हा घाईत लिहिलेली कितीतरी वाक्ये मला स्वतःलाच लागेनात, आणि एका पात्राचे वय तीन ठिकाणी तीन निघाले. आता दर आठवड्याची पाने त्याच आठवड्यात टंकते, प्रत्येक पानाला क्रमांक आणि तारीख घालते, शिवाय छायाचित्रही काढून ठेवते. टंकताना वाक्ये आपसूक घट्ट होतात, त्यामुळे माझा दुसरा खर्डा तिथेच तयार होतो.

प्रतिसाद ३

एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. पेन एकच असावे हे मान्य, पण शाया दोन असाव्यात, आणि दुसरीसाठी वेगळे साधे पेन ठेवावे. मी मूळ मजकूर काळ्या शाईने उजव्या पानावर लिहितो, डावे पान कोरे सोडतो आणि दुरुस्त्या तिथे हिरव्या शाईने करतो. सहा महिन्यांनी वही उघडली तरी पहिला विचार कोणता आणि नंतरचा कोणता, हे एका नजरेत कळते.

देवनागरीसाठी निब निवडण्याचा विचारही आपण केलेला दिसत नाही. जाड आणि ओली, म्हणजे भरपूर शाई सोडणारी, निब सहीसाठी छान दिसते, पण ‘क्ष’, ‘ध’, ‘थ’ यांच्या गाठी तिने भरून जातात, आणि शिरोरेषा ओढताना ती प्रत्येक उभ्या काण्याच्या ओल्या टोकावरून जात असल्याने तिथे शाई फुटते. बारीक निब आणि शाई न फुटणारा गुळगुळीत कागद घेतला, की ही तक्रार उरत नाही.

वेगाबद्दलही सांगतो. वर्णन लिहिताना हाताचा संथपणा मला मानवतो, पण संवाद डोक्यात भराभर येतात तेव्हा हात मागे पडतो. अशा वेळी मी शिरोरेषा देतच नाही, आणि खर्डा वाचायला त्याने काही अडत नाही. मोडी लिहिणारे तर ओळभर रेघ आधीच आखून घेत आणि खाली हात न उचलता लिहीत जात. आपली सहा पेने आपण कशी घेतली असतील ते मी समजू शकतो. उरलेली पाच धुऊन, कोरडी करून पेटीत ठेवा. कादंबरी संपेपर्यंत ती कुठे जात नाहीत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवस थांबून लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते. पाच पेने धुऊन ठेवली आणि बारीक निबेचे एकच पेन काळ्या शाईने भरले. शिरोरेषा वगळायला पहिले दोन दिवस हात तयार होईना, पण नंतर भावंडांच्या भांडणाचा प्रसंग एका बैठकीत साडेचार पाने झाला. बारा दिवसांत 31 पाने झाली असून त्यांपैकी 20 टंकलेलीही आहेत. पेन एकदाच अडले, तेही रात्री टोपण सैल राहिल्यामुळे, आणि ओल्या फडक्याने निब पुसताच चालू झाले.

अर्धे वाक्य सोडून उठणे मात्र अजून जड जाते. आज धाकटी बहीण वडिलांच्या खोलीचे कुलूप उघडायला निघाली आहे, आणि ‘किल्ली फिरवली तेव्हा’ एवढेच लिहून मी वही मिटली आहे.