पन्नाशीनंतर सावळ्या चेहऱ्यावर लेझर करावं का? पील बरं की मायक्रोनीडलिंग?

अबोली_७:
नमस्कार. वय ५३, रंग सावळा. गेल्या काही वर्षांत चेहरा एकदम ओढल्यासारखा दिसायला लागलाय, वरच्या ओठावर बारीक उभ्या रेषा आल्यात, लिपस्टिक लावली की त्या रेषांमधून वर पसरते. गालांवर उन्हाचे तपकिरी डाग, थोडं वांग आधीपासून आहेच, आणि एकूणच कातडी खरखरीत लागते हाताला. एका क्लिनिकमध्ये दाखवलं तर पाच मिनिटांत फ्रॅक्शनल सीओटू लेझरचं (कातडीवर बारीक बारीक जखमा करून ती नव्याने भरू देतात ते) पॅकेजच समोर ठेवलं, आगाऊ पैसे भरले तर सूट. माझ्या रंगाला चालेल का विचारलं तर "आम्ही सगळ्यांना करतो" एवढंच उत्तर मिळालं. माझ्या मैत्रिणीला पीलनंतर (रसायन लावून वरची कातडी सोलतात ते) काळे डाग पडले होते, ते जायला वर्ष लागलं, त्यामुळे भीती वाटते. कपाळावरच्या आठ्या आणि गळ्याची सैल कातडी यालाही याचा उपयोग होतो का? कुणी केलं असेल किंवा माहिती असेल तर प्लीज सांगा.

निर्झरा:
ताई, पैसे भरायची घाई अजिबात करू नका. मी फ्रॅक्शनल सीओटू केलंय पण माझा रंग बराच उजळ आहे, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही, फक्त नंतरचे दिवस कसे जातात ते सांगते कारण ते क्लिनिकवाले नीट सांगत नाहीत. आधी बधिर करायचं क्रीम लावून ठेवतात, तरी ओठाच्या वर आणि डोळ्यांच्या कडेला चांगलेच चटके बसतात. संध्याकाळपर्यंत चेहऱ्याची आग आग होते, सूज येते, थोडी लस येते. मग लाली कमी व्हायला लागली की कातडीवर तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटते, आरशात अगदी जवळून बघितलं तर एकेक ठिपका ओळीत दिसतो, आणि हात फिरवला तर पॉलिश पेपर. ती जाळी आपोआप झडू द्यायची, नखाने काढायची नाही म्हणजे नाही. आठवडाभर कुठे जायचं ठरवू नका, त्यानंतरही गुलाबीपणा राहतो. अजून एक, सूज असते तोवर रेषा भरलेल्या दिसतात आणि सूज उतरली की वाटतं सगळं परत पहिल्यासारखं झालं, तेव्हा खूप निराश व्हायला होतं. खरा फरक दोनतीन महिन्यांनी दिसायला लागला. ओठावरच्या रेषा पुसट झाल्या, गेल्या नाहीत.

सोनटक्का:
त्वचारोग विभागात काम करते म्हणून जरा लांबलचक लिहितेय. अबोलीताई, कुठलं मशीन हा नंतरचा प्रश्न, आधी तुमच्या त्वचेचा रंग बघायला हवा. फिट्झपॅट्रिक स्केल म्हणून एक वर्गवारी आहे, १ ते ६, आकडा जितका वरचा तितकी त्वचा सावळी आणि भाजणं-सोलणं झालं की काळे डाग पडायची शक्यता जास्त. सावळी त्वचा साधारण ४ किंवा ५ मध्ये धरतात. मैत्रिणीला जे झालं ते हेच, त्वचेला दाह झाला की रंगपेशी जास्त रंग बनवतात.

सीओटू लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, अर्बियम याग या दुसऱ्या लेझरची २,९४०. दोन्ही त्वचेतल्या पाण्यावर काम करतात, म्हणून "हे लेझर रंग बघतच नाही, कुणालाही चालतं" असं सर्रास सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे ते. किरण रंगावर जात नाहीत हे बरोबर, पण जखमेच्या आजूबाजूला जी उष्णता मुरते तिने रंगपेशी चिडतातच. अर्बियमचे किरण पाण्यात कितीतरी पट जास्त शोषले जातात, त्यामुळे ते वरचा थर उडवतं आणि मागे उष्णता कमी ठेवतं. सीओटूची उष्णता आत जास्त पसरते, त्याने कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) छान आवळतं पण डागांचा धोकाही वाढतो. २००४ च्या सुमारास फ्रॅक्शनल पद्धत आली, म्हणजे अख्खा थर न सोलता मध्ये मध्ये चांगली त्वचा सोडून बारीक बारीक जखमा करायच्या, म्हणून भरून लवकर येतं. सावळ्या त्वचेत त्या जखमा किती दाट पाडल्या याला फार महत्त्व असतं. घनता कमी ठेवायची, दोन सिटिंगमध्ये भरपूर अंतर ठेवायचं, वेळ लागला तरी चालेल. १,५५० नॅनोमीटरचं नॉन-अब्लेटिव्ह फ्रॅक्शनल लेझर वरची कातडी शाबूत ठेवतं, काही दिवस लाली आणि सूज एवढंच, फरक मात्र हळू दिसतो. मायक्रोनीडलिंगमध्ये, म्हणजे त्वचेला बारीक सुया टोचण्यात, साध्या सुया असतील तर उष्णता नसतेच, म्हणून डागांच्या बाबतीत ते त्यातल्या त्यात सुरक्षित. रेडिओफ्रीक्वेन्सीवाल्या सुया, म्हणजे आत उष्णता सोडणाऱ्या, ही वेगळी गोष्ट, ती उष्णता चुकीच्या खोलीवर गेली तर भाजतं, गालातली चरबीही कमी होऊ शकते.

आणि वांग असेल तर आधी ते आटोक्यात आणा. उष्णतेने वांग भडकतं, मग डाग घालवायला गेलेली बाई दुप्पट डाग घेऊन येते, हे बघून खरंच वाईट वाटतं.

आठ्या स्नायूंमुळे पडतात, त्यासाठी बोटॉक्स, लेझरने त्या जात नाहीत. लोंबणाऱ्या कातडीलाही रिसरफेसिंगचा, म्हणजे वरचा थर नवा करण्याच्या या उपायांचा, फारसा उपयोग नाही. गळ्याला तर फार जपा. लेझरनंतर नवीन कातडी केसांच्या मुळांतून आणि तेलग्रंथींतून उगवते, गळ्यावर त्या चेहऱ्यापेक्षा खूप कमी असतात, त्यामुळे चेहऱ्याचं सेटिंग गळ्यावर वापरलं तर व्रण राहू शकतो.

माळरान:
पीलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझ्या बायकोने डॉक्टरांकडे ग्लायकोलिकचे हलके पील केलेत, तिचाही रंग सावळाच. खरखरीतपणा आणि वरवरचे डाग यांना चांगला फरक पडला, ओठावरच्या रेषांना नाही, ते तेवढं खोल जातच नाही. ग्लायकोलिक वेळ झाली की न्यूट्रलाइज करावं, म्हणजे त्याचं काम थांबवावं लागतं, टीसीएचं (ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, जास्त तीव्र पील) तसं नाही, त्यात कातडी पांढरी पडते त्यावरून किती खोल गेलं ते ओळखतात, म्हणजे सगळं बघणाऱ्याच्या नजरेवर. म्हणून ऑनलाइन टीसीए मागवून घरी लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, करू नका. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२४ मध्ये याबद्दल इशाराच दिला होता. फिनॉलचं खोल पील तर सावळ्या माणसाने विचारातच घेऊ नये, रंग कायमचा उडू शकतो आणि ते रक्तात शोषलं जातं म्हणून करताना हृदयाचे ठोके मॉनिटरवर बघावे लागतात.

आणि मशीनच्या आधी काही महिने ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए गटातलं क्रीम) आणि सनस्क्रीन मन लावून वापरा हो. ट्रेटिनॉइन डॉक्टरांना विचारून ०.०२५ टक्क्यांपासून, एक रात्र सोडून एक रात्र, सुरुवातीला सालं निघतात, मग त्वचेला सवय होते. सनस्क्रीन आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड घ्या, सावळ्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही.

अबोली_७:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! क्लिनिकमध्ये यातलं कुणीच काही बोललं नव्हतं. सोनटक्का, अजून एक विचारायचं राहिलं, मला मधूनमधून ओठांवर हर्पिसचे फोड येतात, त्याने काही बिघडतं का? आणि वांगासाठी एक ट्यूब दुकानातून आणून लावत होते, ती चालू ठेवू का?

सोनटक्का:
बरं झालं विचारलंत. हर्पिस असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. तोंडाभोवती लेझर किंवा मध्यम पील केलं की तो उसळू शकतो आणि ताज्या सोललेल्या चेहऱ्यावर पसरला तर व्रण राहतात. त्यासाठी विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून सुरू करून कातडी भरेपर्यंत देतात. ट्यूबवरचं नाव वाचा, त्यात स्टेरॉइड असेल, बेटामेथासोन, मोमेटासोन वगैरे, तर ते महिनोनमहिने लावून कातडी पातळ होते. स्वतःच्या मनाने लावू नका आणि एकदम बंदही करू नका, ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा. जखम झाली की कधी जाड गाठीसारखा व्रण आला असेल तर तेही सांगा, केलॉइडची सवय असेल तर बेत बदलतो.

आणि टेस्ट पॅच मागा. कानासमोर किंवा जबड्याच्या कडेला छोटासा भाग करून महिनाभर तरी वाट बघायची, कारण काळेपणा येतो तो लगेच नाही, काही आठवड्यांनी येतो. मशीन हातात कोण धरणार हेही स्पष्ट विचारा.

अबोली_७:
पॅकेज नको म्हणून फोन करून टाकला. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय, ट्यूब पर्समध्ये ठेवलीय. आधी वांग आणि क्रीमचंच बघते, ओठाच्या रेषांचं नंतर.