देइनॉस : भयंकर की अद्भुत?

प्रश्न : प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या 'अँटिगनी' या नाटकात कोरसचं, म्हणजे गायकवृंदाचं, एक गाणं आहे, माणसाच्या कर्तबगारीचं. त्याच्या पहिल्या ओळीत एक भाषांतरकार 'अद्भुत' म्हणतो, दुसरा 'भयंकर'. मुळात शब्द कोणता?

— शब्द एकच, देइनॉस. स्त्रीलिंगी देइने, नपुंसकलिंगी देइनॉन. मूळ अर्थ भीतीचाच. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने 1842 साली 'डायनोसॉर' हे नाव घडवलं, त्यातला 'डायनो' हाच. पण होमरकडेच अर्थ पसरलेला दिसतो. त्याच्या 'इलियड' या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात अपोलो देवाच्या चांदीच्या धनुष्याचा टणत्कार देइने आहे, तिथे सरळ धडकी भरते. तिसऱ्या सर्गात मात्र हेलन सासऱ्याला, प्रायमला, देइनॉस म्हणते. म्हणजे मामंजी भयंकर नाहीत, त्यांचा धाक आहे, आदरातून आलेला.

— आणि 'देइनॉस लेगेइन' राहिलंच की! बोलण्यात पटाईत. मी तर 'बोलण्यात बिलंदर' म्हणेन, कारण त्यात कौतुकाबरोबर 'जरा जपून' हेही येतं. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त, म्हणजे खटल्यातल्या बचावाच्या भाषणात, सॉक्रेटिस अगदी सुरुवातीला यावरच बोट ठेवतो : फिर्यादी तुम्हाला सांगतात, हा माणूस बोलण्यात देइनॉस आहे, सांभाळा; खरं बोलणाऱ्याला ते देइनॉस म्हणत असतील तर गोष्ट वेगळी.

— यावर तेव्हाही कुरकुर होती बरं का. प्लेटोच्याच 'प्रोटागोरस' या संवादात सॉक्रेटिस सांगतो, की मी कुणाला 'शहाणा आणि देइनॉस' म्हटलं की प्रोडिकस, शब्दांच्या अर्थाबाबत काटेकोर असलेला गुरू, मला झापतो : चांगल्याला देइनॉस म्हणायला लाज नाही वाटत? देइनॉस संपत्ती, देइनॉस शांतता असं कुणी म्हणतं का? रोग, युद्ध, दारिद्र्य, हे देइनॉस. आपल्याकडे 'भयंकर सुंदर' ऐकून कपाळाला आठ्या घालणारे मास्तर याच घराण्यातले.

प्रश्न : मग त्या ओळीचं मराठी काय करावं?

— 'पोल्ला ता देइना' : देइनॉस गोष्टी पुष्कळ, पण माणसाहून देइनॉस काहीच नाही. पुढे यादी येते. तो वादळात समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं जाळ्यात धरतो, बोलायला आपलं आपण शिकतो. मरणावर मात्र त्याचा इलाज चालत नाही. आणि ही हिकमत कधी त्याला भल्याकडे नेते, कधी बुऱ्याकडे. गाण्याच्या आधी पहारेकरी बातमी देऊन गेलाय, की राजाची बंदी मोडून कुणीतरी अँटिगनीच्या भावाच्या प्रेताला माती दिली. गाणं संपतं न संपतं तोच पहारेकरी अँटिगनीला धरून आणतो. नुसतं 'अद्भुत' घातलं तर हा सगळा ताण वाया जातो, 'भयंकर' घातलं तर नांगर आणि जहाजं कशाला सांगितली ते कळत नाही. 'विलक्षण' फारच सभ्य. माझं मत 'अचाट'ला. अचाट बुद्धी म्हणतात, तसं अचाट धाडसही म्हणतात, आणि त्या धाडसात अविचाराचा वास असतो.

— 'अचाट'मध्ये भीती कुठाय?

— कमी आहे, खरंय. पण हेलनच्या तोंडी मी तो घालणारच नाही. तिथे 'तुमचा धाक वाटतो' एवढं पुरे.