सायलोला मराठीत काय म्हणाल? पेव?

तिसऱ्या सीझनच्या आधी जुनं सगळं पुन्हा बघून टाकायचं म्हणून भाचा आमच्याकडे नाशिकला गंगापूर रोडला मुक्काम ठोकून बसलाय. मालिका 'सायलो', ह्यू हाउई यांच्या कादंबऱ्यांवरची. पहिला सीझन २०२३ चा, दुसरा नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाला. जमिनीच्या पोटात १४४ मजले, १०,००० माणसं, चढउतार करायला एकच गोल जिना. बाहेरची हवा विषारी. ज्याला हाकलायचं त्याला बाहेर काढतात आणि जाता जाता कॅमेऱ्याची काच पुसायला लावतात.

भाच्यानं विचारलं, "मामा, सायलो म्हणजे काय?" मी म्हटलं, धान्याचं कोठार. "मग ते जमिनीखाली कसं?" इथं मी अडकलो.

कोठार फारच मोघम, जमिनीवरचं काय नि खालचं काय, सगळंच कोठार. कणगी तर नाहीच नाही. ती बांबूची किंवा तुरकाठ्यांची विणलेली, शेणानं लिंपलेली, घरात उभी. बळद भिंतीत बांधलेलं. उरलं पेव. जमिनीत खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं, आत कडेनं काड-पाचट लावून धान्य भरायचं आणि वरून मातीनं तोंड बंद. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, ती पुष्कळांना ठाऊक असतील. गंमत म्हणजे 'सायलो' हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधून आला आणि बहुतेक कोश त्याचं मूळ ग्रीक 'सिरोस'पाशी नेतात. त्याचा अर्थ धान्याचा खड्डा. म्हणजे पेवच की! उंच लोखंडी टाकी हा अर्थ नंतरचा.

आता मंडळींनी सांगावं. माझं मत पेव.

—

प्रतिसाद : निफाडकडून लिहितोय. आमच्याकडे पेव म्हटलं तर पोरं तोंडाकडे बघतील. सायलो म्हणजे पोल्ट्रीतला खाद्याचा सायलो, पत्र्याचा, खाली नरसाळं असलेला. मक्याचा मुरघास, म्हणजे दाबून मुरवलेला हिरवा चारा, करतो त्यालाही कृषीवाले सायलो म्हणतात; आम्ही आपलं 'खड्डा भरला' किंवा 'बॅग भरली' म्हणतो. शब्द आहे तसाच राहू द्या. आणि 'सीझन'ला तरी कुठं मराठी शब्द वापरता?

—

सीझनचं मान्य. आपल्या जिल्ह्यात सीझन चालू म्हणजे द्राक्षं चालू. त्याला हंगाम म्हणतातच. मालिकेला 'पर्व' छान बसतं. संस्कृतात पर्व म्हणजे बांबूचा, उसाचा सांधा. आपलं 'पेर' त्यातलंच. एक पेर संपलं की दुसरं तिथूनच फुटतं.

पण पेवाचा हट्ट मी सोडत नाही, कारण 'पेव फुटणे'. क्लासचं पेव फुटलं, होर्डिंगांचं पेव फुटलं, असं आपण येताजाता म्हणतो आणि त्यात दर वेळी थोडी नाराजी असते. चांगल्या गोष्टीचं पेव फुटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. (पुढं रहस्यभेद आहे, ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला शेजारच्या सायलोतले लोक बंड करून लोंढ्यानं बाहेर पडतात आणि बाहेर येताच मरतात. दारापाशी हाडांचा खच. ते बघताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पेव फुटलं!" भाच्याला वाटलं, मी विनोद केला.

—

प्रतिसाद : पण पेवात तर आतली हवा वाईट असते ना? मालिकेत उलटं आहे.

—

बरोबर पकडलंत. याच कारणासाठी काल आजोळी सिन्नरला फोन लावला, भाच्याला शेजारी बसवून. नाना, म्हणजे माझे मामा, आता ऐंशीच्या पुढचे. वाड्यातलं पेव त्यांनी लहानपणी उघडताना बघितलंय. म्हणाले, "झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवायचं. मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. वात विझली तर माणूस उतरवायचा नाही." धान्यही श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तो जड असल्यानं तळाशी साचून राहतो. न बघता उतरलेली माणसं गुदमरून गेलीत.

तेव्हा 'पेव' म्हटलं की जुन्या माणसाला आत जायची भीती वाटते, आणि या गोष्टीत भीती बाहेर जायची. भाषांतर म्हणून ही अडचण खरी आहे. मला मात्र ती उलटापालट आवडली. तिथल्या माणसांना कुणी सांगितलं की बाहेरची हवा वाईट? ज्यांच्या हातात झाकण आहे त्यांनीच.

लिंगाचं विचाराल तर पेव नपुंसक : ते पेव, ती पेवं, पेवात. सायलोला आम्ही घरी 'तो' म्हणतोय, भाच्याचा मित्र 'ती' म्हणतो.

फोन ठेवता ठेवता भाच्यानं नानांना विचारलं, "आजोबा, पेवात राहणाऱ्यांना काय म्हणायचं?"

नाना म्हणाले, "पेवात काही राहत नाही रे बाळा. नीट बुजवलं तर सोंडे-किडेसुद्धा मरतात. म्हणून तर धान्य टिकतं."